आजी, विहारात का येत नाही?

गेल्या वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू झालं, पण पहिल्या रांगेतल्या एक आजी दिसेनात. दरवर्षी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालणारी बाई. घरी गेले तर म्हणाल्या, "बरी हाय गं मी. पण खाली बसलं की उठवत न्हाई. कुणीतरी काखेत हात घालून उठवायचं, लाज वाटते."

उन्हाळ्यात त्या सार्वजनिक संडासाच्या पायरीवर घसरल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण भीती बसली. तेव्हापासून खाटेवरच. सून पाणी हातात देते, मुलगा म्हणतो, "आई, तू उठू नको." प्रेमानंच म्हणतो. पण दुखणं तिथंच वाढतं.

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजत जातात, साठीनंतर जास्त वेगानं. डॉक्टर याला सार्कोपेनिया म्हणतात. त्यात म्हातारं माणूस आठ-दहा दिवस अंथरुणाला खिळलं तरी मांड्या उतरतात. मग पाय लटपटतात, भीती वाढते, हालचाल आणखी कमी होते. शेवटी माणूस खरोखरच पडतं.

"या वयात कसली ताकद येते?" असं सगळेच विचारतात. १९९० साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्ध-संस्थेतला प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या १० अशक्त माणसांकडून ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली. दोघांची तर काठी सुटली.

आपल्याकडे वजनं नकोत, एक पक्की खुर्ची पुरे. ती भिंतीला टेकवून ठेवा, सरकणारी प्लास्टिकची नको. हात छातीवर घेऊन पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पाय कमजोर झालेत असं समजा. हाच व्यायामही आहे. सुरुवातीला हाताचा आधार घ्या, पुढं वाका, उठा आणि बसताना सावकाश बसा. धपकन बसण्यात अर्धा फायदा जातो. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा, जमेल तसं वाढवा. ओट्याला धरून टाचा उचला. पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहू दे. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर थांबा आणि दवाखाना गाठा.

नुसत्या व्यायामानं भागत नाही. आपल्या म्हाताऱ्या बाया चहा-बटरवर दिवस काढतात आणि ताटातलं अंडं नातवाला देतात. पन्नास किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात. म्हणून घट्ट डाळ, चणे, शेंगदाणे, दूध, मासळी हे रोज थोडं-थोडं पोटात गेलं पाहिजे. सुकट चांगली, पण बीपी असेल तर दोन-तीनदा धुऊन घ्या. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. झोपेतून उठल्यावर खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसा, पावलं हलवा, मग उभं राहा. मोतीबिंदू तपासून घ्या, झिजलेली चप्पल फेकून द्या.

रात्री संडासला जावं लागू नये म्हणून कित्येक आजी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यानंही चक्कर येते. याला म्हाताऱ्यांचा दोष म्हणू नका. दिवा नाही, कठडा नाही, पायरी फुटलेली. महिला मंडळानं सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ६५ वर्षांवरच्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. आपल्याकडे चौकशी करा.

आणि कुणी पडलंच, पाय टेकवत नसेल किंवा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर मालीश नको, हाडवैद्य नको. थेट हॉस्पिटल.

त्या आजींच्या मुलानं खाटेशेजारी खुर्ची ठेवली. आम्ही विहाराच्या मागच्या भिंतीला लोखंडी दांडा बसवला आणि चार खुर्च्या मांडल्या. अश्विन पौर्णिमेला आजी आल्या. खुर्चीवर बसल्या, आणि वंदनेला दांडा धरून आपल्या आपण उभ्या राहिल्या.