सीट चार सेंटिमीटर वर

दिवे घाट चढून वर आलं की सासवडच्या दिशेने रस्ता मोकळा होतो आणि सायकलवाल्यांचा श्वास जागेवर येतो. एप्रिलमधल्या एका रविवारी, उजाडता उजाडता, या रस्त्यावर दोन सायकली मागेपुढे चालल्या होत्या. पुढे एकोणचाळीस वर्षांची, सहकारी बँकेत नोकरी करणारी एक बाई. मागे पासष्टी ओलांडलेले काका. तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरलेले आणि आता नव्या मुलामुलींना हौसेने शिकवणारे. सासवडवरून जेजुरीकडे जाऊन परत येण्याचे चाळीस किलोमीटर ठरले होते. काकांनी आज काहीही सांगायचं नाही, फक्त बघायचं, असंही ठरलं होतं.

परत आल्यावर चहाच्या टपरीशी सायकल टेकवून तिने विचारलं, “काका, पाय कमी पडतायत ना?”

“पाय बरे आहेत तुझे. तू अकरा वेळा थांबलीस.”

ती अकराही वेळा पाणी प्यायला थांबली होती. ब्रेक, एक पाय खाली, बाटली काढणं, दोन घोट, बाटली परत, मागे बघणं, टांग मारून पुन्हा वेग धरणं. प्रत्येक वेळी पाऊण मिनिट. म्हणजे आठ मिनिटांहून जास्त वेळ गेला होता, आणि त्यातलं एकही मिनिट दमामुळे गेलं नव्हतं. चालत्या सायकलवर हँडलचा एक हात सोडायची तिला भीती वाटत होती.

तिचं लक्ष्य होतं गोव्यातली अर्धी आयर्नमॅन. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ही स्पर्धा पहिल्यांदा मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. तेव्हापासून पुण्या-कोल्हापुरातल्या तलावांवर पहाटे गॉगल लावून पोहणारी चाळिशीतली माणसं हे नेहमीचं दृश्य झालं आहे. नियमाप्रमाणे पोहणं १ तास १० मिनिटांत संपवावं लागतं, सायकल सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. नवख्याचा निम्म्याच्या आसपास वेळ सायकलवरच जातो. पोहण्यात महिनोन्महिने घासून पाच मिनिटं सुटतात. सायकलवर तेवढी मिनिटं अनेकदा महिन्याभरात सापडतात, कारण ती कुठे सांडतायत याचा हिशेबच कुणी केलेला नसतो.

काकांनी पहिल्यांदा सीटला हात घातला. सीट खाली होती. ती खाली का असते, हे समजून घेण्यासारखं आहे. दुकानातून सायकल घेताना माणूस तिच्यावर बसतो, दोन्ही पाय जमिनीला टेकतात का बघतो आणि टेकले की समाधानाने पैसे देतो. लहानपणी भाड्याच्या सायकलवर शिकताना पडू नये म्हणून जी खबरदारी घेतली, तीच मोठेपणीही टिकते. पण पाय जमिनीला टेकावेत अशी सीट लावली की पेडल मारताना गुडघा पूर्ण उघडतच नाही. मांडीचा स्नायू अर्ध्या लांबीतच काम करतो, लवकर भरून येतो आणि काही आठवड्यांत गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागतं.

बघायची साधी रीत आहे. भिंतीला धरून सीटवर बसायचं, पेडल सर्वांत खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक उरतो. दुसरी रीत मापाची. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्यायची आणि तिला ०.८८३ने गुणायचं. उत्तर येईल तेवढं अंतर पेडलच्या दांड्याच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावं. तिची उंची ७४ सेंटिमीटर भरली, म्हणजे सीट ६५च्या थोडी वर हवी होती. होती ६१वर. काकांनी ती एकदम चढवली नाही. दर आठवड्याला एक सेंटिमीटर, म्हणजे स्नायूंना आणि मनालाही सवय व्हायला वेळ मिळतो. चौथ्या आठवड्यात सिग्नलला थांबताना तिला सीटवरून पुढे उतरावं लागलं आणि तिथेच ती एकदा आडवी झाली. कोपर खरचटलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वाहनतळात ती वीस वेळा थांबली आणि वीस वेळा निघाली.

मग गिअर. नवखा माणूस जड गिअरवर चालवतो, कारण पायाखाली जोर लागला की आपण काहीतरी करतोय असं वाटतं. तिचे पाय मिनिटाला साठेक फेरे मारत होते. तोच वेग हलक्या गिअरवर ८५ फेऱ्यांनी राखला तर प्रत्येक फेऱ्याला पेडलवर लागणारा जोर जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. काम तेवढंच, फक्त ते स्नायूंकडून काढून काही अंशी हृदय आणि फुप्फुसांवर सोपवलं जातं. नुसत्या सायकल शर्यतीत हा वाद दोन्ही बाजूंनी रंगू शकतो. इथे ९० किलोमीटरनंतर त्याच मांड्यांनी २१ किलोमीटर धावायचं असतं, त्यामुळे नवख्यासाठी तरी हलका गिअर हेच उत्तर. पहिले पंधरा दिवस ती सीटवर उसळत होती. मग पाय गोल फिरू लागले.

खरा शत्रू मात्र हवा आहे, आणि ती दिसत नसल्यामुळे तिचा राग कुणालाच येत नाही. साठ किलोची बाई, दहा किलोची सायकल, भरलेल्या बाटल्या, सपाट रस्ता आणि वारा पडलेला, असा हिशेब मांडला तर ताशी २५ किलोमीटरला साधारण ९० वॅट लागतात. ३० किलोमीटरला १४०. वेग वाढला वीस टक्के, जोर मात्र पन्नास टक्क्यांहून जास्त, कारण हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तिने घरी, सायकल जागच्या जागी चालवायच्या ट्रेनरवर, वीस मिनिटांची चाचणी दिली तेव्हा सरासरी आली १४८ वॅट. त्याचे ९५ टक्के काढले की तासभर कसाबसा टिकवता येईल असा जोर मिळतो. तो १४० आला. म्हणजे ३०चा वेग हा तिच्या एका तासाच्या सगळ्या दमाचा भाव होता. स्पर्धेत तर तीन तासांहून जास्त सायकल चालवून पुढे धावायचं, तिथे याच्या ७० ते ७५ टक्केच खर्च करता येतात. शंभरेक वॅट.

तेवढ्याच शंभर वॅटमध्ये जास्त वेग कसा काढायचा, याचं उत्तर आधी ट्रायथलॉनवाल्यांनी, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं एकत्र करणाऱ्यांनी, वापरलं आणि मग जगाने पाहिलं. १९८९च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर एकट्याने पळवायची शर्यत होती. ग्रेग लेमाँड हा अमेरिकन लोराँ फिन्याँपेक्षा ५० सेकंद मागे होता. लेमाँडच्या हँडलवर पुढे आलेल्या दांड्या होत्या, कोपरं टेकून हात जवळ घेण्याच्या. ट्रायथलॉनमध्ये त्या आधीच रुळल्या होत्या. फिन्याँ साध्या हँडलवर, डोक्यावर काही नाही, केसांची शेंडी उडतेय. तीन आठवडे चाललेली ती शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली. वारा जास्त करून स्वाराचं शरीर अडवतं, सायकल कमी. म्हणून खांदे आकसणं आणि डोकं खाली घेणं हे महागड्या चाकांपेक्षा जास्त देतं.

तिच्या हिशेबात याची किंमत अशी निघाली: सरळ बसून शंभरेक वॅटला ताशी २६.५ किलोमीटर, कोपरं टेकून नीट आकसून बसलं तर २८. नव्वद किलोमीटरमध्ये अकरा मिनिटं. पण त्या दांड्यांवर हात असताना ब्रेक हाताशी नसतो. ट्रक, टमटम, अचानक आडवी येणारी शेळी असलेल्या आपल्या रस्त्यावर हे लक्षात ठेवावंच लागतं. काकांनी अट घातली: समोर पाचशे मीटर रस्ता रिकामा दिसला तरच. बाकी वेळ हँडलच्या खालच्या बाकात हात, कोपरं वाकलेली, बोटं ब्रेकवर. एवढ्यानेही वारा बराच कमी लागतो आणि खर्च शून्य.

टायरचं शास्त्र गेल्या काही वर्षांत उलटलं आहे. पूर्वी टायर दगडासारखा टणक हवा, असं सगळेच सांगत. काकाही सांगत. खडबडीत डांबरावर असा टायर उसळतो आणि पुढे न्यायचा जोर अंग हादरवण्यात जातो. तिच्या २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये शंभरऐवजी सत्तर पीएसआयच्या आसपास हवा भरायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी तळहातांच्या मुंग्या थांबल्या.

बाटलीचा अभ्यास शाळेच्या मैदानावर झाला, आणि या लेखकाच्या मते सहा महिन्यांतली सर्वांत मोठी प्रगती तिथेच घडली. आधी एका हाताने हँडल मधोमध, दांड्याजवळ धरायचं, कारण तिथे धरलं की हात चुकून ओढला गेला तरी चाक फारसं वळत नाही. मग दुसरा हात नुसता मांडीवर. मग गुडघ्यावर. मग बाटलीला नुसता स्पर्श. नजर समोरच, खाली बघितलं की सायकल नजरेमागे जाते. रोज पंधरा मिनिटं, नऊ दिवस. दहाव्या दिवशी बाटली निघाली, तोंडाला लागली आणि परत जाताना खाली पडली. ती उतरली नाही. वळून आली आणि पुन्हा सुरुवात केली.

घाट उतरतानाही तेच. भीतीने दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, हात वळतात आणि चढताना कमावलेला वेळ उतारावर जातो. ब्रेक वळणाआधी लावायचा, वळणात सोडायचा, बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबायचा आणि वळण जिथे संपतं तिथे बघायचं. काका तिच्या पुढे राहून हाताने खुणा करत आणि ती त्यांच्या मागची रेषा धरी. त्यातही गाड्यांची वर्दळ असेल तर हळूच.

शनिवारी ती मोठ्या ग्रुपबरोबर जाई आणि घरी येऊन सांगे, आज बत्तीसने गेलो. काकांना ते पसंत नव्हतं. पुढच्याच्या चाकामागे चालवलं तर तीसेक टक्के जोर वाचू शकतो. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकाला पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. आत शिरलात तर पंचवीस सेकंदांत ओलांडून पुढे जायचं, नाहीतर पाच मिनिटांची शिक्षा. “तिथे तू आणि वारा. दोघंच,” असं म्हणून त्यांनी तिचे शनिवार एकटीचे केले.

आषाढी वारीची पालखी दिवे घाटातून जाते, तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा असतो. पुढे पावसाचा जोर. ते दोन महिने सायकल हॉलमध्ये ट्रेनरवर, समोर पंखा, खाली जुनी सतरंजी. आठवड्यात एकच दिवस कष्टाचा: आठ-आठ मिनिटांचे चार जोर, मध्ये दोन-दोन मिनिटं विसावा. पहिला जोर सोपा वाटला पाहिजे. तो अवघड वाटला तर चौथा जमत नाही. बाकी दिवस इतक्या संथ गतीने की फोनवर आईशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. नवख्यांचं नेमकं इथे चुकतं. ते रोजच मध्यम दमतात. कष्टाच्या दिवशी पुरेसा जोर उरत नाही आणि विश्रांतीच्या दिवशी विश्रांती मिळत नाही.

खाण्याचीही तालीम लागते. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि तेवढं पचवायला पोटालाही शिकवावं लागतं. दर वीस मिनिटांनी घड्याळ वाजे. बाटलीत साखर-मीठ-लिंबू, खिशात बिया काढलेले खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की मोडून ठेवलेली. चिक्की दमट हवेत चिवट होते आणि धापा टाकताना घशात अडकते, हे एका शनिवारी कळलं. गोव्याची हवा दमटच असणार. चिक्की वगळली.

सप्टेंबरअखेरच्या चाचणीत १४८चे १७१ झाले. खरं माप घ्यायला दोघं पुन्हा त्याच रस्त्यावर आले. जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी होता, वेग आपोआप पस्तिशीकडे चालला होता आणि तिने मुद्दाम पाय हलके ठेवले. परतीला वारा तोंडावर. ती हँडलच्या बाकात शिरली, वेग बावीसवर आला तरी जोर वाढवला नाही. छोट्या चढांवर मागून येणारी दोन पोरं उठून तिला मागे टाकून गेली. माथ्यावर पोरं धापा टाकत पेडल सोडून बसली होती, तेव्हा तिने त्यांना गाठलं. एकदाही पाय जमिनीला लागला नाही. चाळीस किलोमीटर, १ तास २८ मिनिटं. एप्रिलमध्ये थांबे धरून १ तास ५१ मिनिटं लागली होती.

टपरीच्या भिंतीला सायकल टेकवून तिने हेल्मेट काढलं, क्लीटचे बूट काढले, पिशवीतले धावायचे बूट चढवले. पहिली पावलं लाकडाची होती. गुडघे उचलेनात.

“चहा सांगू?” काकांनी विचारलं.

“वीस मिनिटांनी,” ती म्हणाली आणि सासवडच्या दिशेने निघाली. काकांनी दोन्ही सायकली सावलीत ओढल्या. तिच्या बाटल्या उचलून पाहिल्या. दोन्ही रिकाम्या होत्या.