‘बंद पडून राहिली’ : एका वऱ्हाडी तक्रारीचा अर्थ आणि मोटारसायकलीचे निदान

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेढी नदीच्या काठी वसलेल्या वलगावात मोटारसायकल दुरुस्तीस आणणारा माणूस मिस्तरीला सांगतो, “गाडी बंद पडून राहिली.” प्रमाण मराठीत वाढलेल्या श्रोत्यास याचा अर्थ ‘गाडी बंद पडली व तशीच पडून आहे’ असा लागेल. वऱ्हाडीत तो जवळजवळ उलट आहे. गाडी सुरू होते, थोडी चालते आणि पुनःपुन्हा बंद पडत आहे, असे बोलणाऱ्यास म्हणावयाचे असते. पहिला अर्थ घेणारा तंत्रज्ञ बॅटरी, ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब यांच्या मागे लागेल. दुसरा अर्थ जाणणारा प्रथम पेट्रोलच्या वाटेकडे वळेल. सहायक क्रियापदाच्या अर्थाने निदानाची दिशाच बदलावी, असे उदाहरण बोलींच्या अभ्यासात वारंवार आढळत नाही.

‘-ऊन राहणे’ ही रचना प्रमाण भाषेतही आहे. परंतु ‘दडून राहिला’, ‘वाट पाहून राहिला’ अशा प्रयोगांत ती स्थितीचे टिकणे दाखविते. वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींत तिने अपूर्ण वर्तमानाचे कार्य पत्करले आहे : ‘तो जेऊन राहिला’ म्हणजे तो जेवत आहे. या बोलींची नोंद ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात आहे. शेजारच्या हिंदीतील ‘खा रहा है’ या प्रयोगाचा प्रभाव येथे सहज सुचतो, व तो नाकारण्याचे कारणही नाही. तथापि हिंदीत केवळ धातू येतो, वऱ्हाडीत मराठीचे ‘-ऊन’ कायम राहते. तेव्हा यास निव्वळ उसनवारी म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. आता ‘पडणे’ ही क्षणात संपणारी क्रिया आहे. अशा क्रियेस अपूर्णता लाविली की तिच्यातून आवृत्तीचा बोध होतो. म्हणून ‘गाडी बंद पडून राहिली’ यात ‘वारंवार’ हा शब्द न उच्चारताही वारंवारता आलेली असते.

ही आवृत्ती निदानाच्या दृष्टीने मोलाची आहे. इंजिनास हवा, पेट्रोल, दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी या चार गोष्टी लागतात. जे इंजिन दर वेळी किकेसरशी सुरू होते, त्यात या चारही गोष्टी निदान काही क्षण तरी हजर आहेत, हे उघड आहे. प्रश्न त्यांच्या असण्याचा नसून सातत्याचा आहे. शिवाय कार्बोरेटरमध्ये ‘सुरू होणे’ आणि ‘चालणे’ यांची व्यवस्थाच वेगळी असते. चोक ओढला असता हवेच्या मानाने पेट्रोल वाढते व थंड इंजिन पेट घेते. चोक सोडल्यावर ते पायलट जेट नावाच्या अतिशय बारीक छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलवर मंद गतीने चालते. रेस दिली की मुख्य जेटचा अंमल सुरू होतो. यास्तव चोक असेतो चालणारी, रेस धरून ठेवली असता तग धरणारी आणि मूठ सोडताच विझणारी गाडी बहुधा पायलट जेट तुंबल्याचे सांगत असते. पावसाळाभर गोठ्याच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास घडते. पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर सर्वांत बारीक छिद्र प्रथम बुजवितो. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरास चीर जाऊन जादा हवा शिरली, तरी चोकने असाच आराम पडतो. मात्र तेव्हा इंजिनाची गती आपोआप चढते-उतरते आणि रेस सोडल्यावर लवकर खाली येत नाही.

गाडी किती वेळाने बंद पडते, हेही विचारले पाहिजे. लिटरला ५० किलोमीटर देणारी गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असता मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल खर्च करते. कार्बोरेटरच्या वाटीत काही चमचेच पेट्रोल मावते. टाकीकडून येणारा प्रवाह अडला, तर गाडी वाटीतल्या शिलकीवर एखाददुसरा मिनिट धावते, गचके देते आणि थांबते. थोड्या वेळात वाटी पुन्हा भरते व किक मारताच गाडी चालू होते. जागेवर मंद चालणारी पण रस्त्यावर न टिकणारी गाडी ती हीच. येथे दोष कॉकच्या जाळीत, नळीत, वाटीतील फ्लोटच्या सुईत किंवा टाकीच्या झाकणात असू शकतो. झाकणाचे वायुछिद्र बुजले की पेट्रोल उतरेल तशी टाकीत पोकळी होते आणि प्रवाह थांबतो. इंजिन थंड असताना, बिडी-काडी दूर ठेवून, नळी सोडवून बाटलीत धरावी. झाकण लावलेले असता धार मंदावली व उघडताच पुन्हा लागली, तर कार्बोरेटर उघडण्याचे श्रम वाचतात.

नळीचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे ‘नळी’चा उच्चार ‘नयी’ असा ऐकू येतो. हिंदी बोलणाऱ्या कारागिरास त्यात ‘नवी’ हा अर्थ दिसण्याचा संभव आहे. संदर्भ बहुधा घोटाळा टाळतो. बिलावर काय लिहिले जाईल हे मात्र सांगता येत नाही.

गाडी बंद कशी पडते, याचे वर्णनही तितकेच बोलके असते. ‘मरत मरत बंद पडते’ असे ऐकू आल्यास पेट्रोलचा संशय घ्यावा. ‘किल्ली फिरवल्यावानी एकदम’ असे असल्यास विजेच्या जोडण्या, प्लगची टोपी किंवा किल्लीचा स्विच पाहावा. हा नियम निरपवाद नाही. इग्निशन कॉइल तापून निकामी होत असेल, तर गाडी पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालून थांबते आणि निवाल्यावर पुन्हा सुरू होते. क्वचित ती आधी काही ठिणग्या चुकवितेही. झाकणाचा दोषही असेच रूप घेऊ शकतो. दोहोंतील फरक गाडी निवल्यावर कळत नाही, कारण तोवर दोन्ही दोष लपलेले असतात. गाडी थांबल्याबरोबर, त्याच जागी प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचलेले नाही. ओला असेल तर ठिणगी गेली असावी, अथवा पेट्रोल फाजील येत असावे. काजळीने काळा झालेला प्लग अडकलेल्या चोककडे किंवा मळलेल्या एअर फिल्टरकडे बोट दाखवितो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या दोषास नवे बळ मिळाले आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पेट्रोल टाकीच्या तळाकडूनच घेतले जाते. वाटीचा निचरा-स्क्रू सैल करून आलेला द्रव काचेच्या भांड्यात स्थिर ठेवला असता दोन थर स्पष्ट दिसतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्या गाड्यांत किल्ली फिरविताच पंपाचा क्षणभर येणारा आवाज ऐकावा आणि दोषदर्शक दिवा पाहावा. अनेक गाड्यांत बाजूचा स्टँड खाली असता गिअर टाकताच इंजिन बंद होते. हा बिघाड नव्हे, सुरक्षिततेची योजना आहे. तथापि स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला, तर स्टँड वर असूनही गाडी तसेच वागते. “गेर टाकला का बंद पडून राहिली” अशी तक्रार आल्यास पेट्रोलच्या वाटेला जाण्यापूर्वी तो स्विच धुऊन घ्यावा.