पुढचं चाक काळं, मागचं चकचकीत

आपली गाडी, आपला हात : भाग ९

मागच्या आठवड्यात टायरमधली हवा तपासायला चाकाशी उकिडवे बसलो होतो. आज तिथेच थोडा वेळ आणखी बसू.

नागपूरच्या मिहानमधल्या कुठल्याही कंपनीच्या पार्किंगमध्ये शिफ्ट सुटायच्या आधी एक चक्कर मारा. अलॉय व्हीलच्या बहुतेक गाड्यांची पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी दिसतील. रस्ता चारही चाकांना एकच, खापरीकडची धूळही चारहींवर सारखीच उडते. मग पुढचीच का?

तो काळा थर ब्रेकचा असतो. पाय दाबला की पॅड बिडाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि पॅड नि डिस्क दोन्ही कणाकणाने झिजतात. तो भुगा चाकावर बसतो. गाडी थांबताना तिचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढच्या ब्रेकना करावं लागतं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतो. त्यातल्या लायनरची झीज बरीचशी ड्रमच्या आतच साठते, चाकावर दिसत नाही.

एक प्रयोग जरूर करा. फ्रिजवरचं लोहचुंबक कागदात गुंडाळा आणि चाकाच्या आतल्या काठावरून फिरवा. कागदावर बारीक काळे केस उभे राहतात. ते लोखंड आहे, आणि सगळं दुखणं तिथेच आहे. कण गरम असतानाच चाकाच्या पारदर्शक लेपावर चिकटतात. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात दिवसभर उभ्या गाडीवर ते आणखी घट्ट बसतात. जूनमध्ये पाणी लागलं की गंजतात. पावसाळ्यात अलॉयवर नारिंगी ठिपके दिसले तर ते या उन्हाळ्यातल्या लोखंडाचे.

हे मला कळलं ते नुकसान झाल्यावर. शहरातल्या एका वॉशिंग सेंटरवर माझ्या गाडीच्या चाकांवर ॲसिड मारलं गेलं. दहा मिनिटांत चाकं नव्यासारखी झाली, म्हणून मी खूशही झालो. काही महिन्यांत लेप दुधाळ पडला, काठाला पापुद्रे सुटले, आणि उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर काळा थर पूर्वीपेक्षा लवकर धरू लागला. तेव्हापासून कुणी चाकाला ॲसिड लावायला निघालं की मी हात धरतो. तुम्हीही धरा.

धुवायचं सकाळी, सावलीत, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकू शकते, मग ब्रेक दाबताना पायाखाली थरथर जाणवते. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. मग चाकांसाठी वेगळी बादली आणि गाडीचाच शाम्पू. या बादलीतलं फडकं बॉनेटला लागलं तर तेच लोखंडी कण रंगावर ओरखडे काढतात. नटांच्या खोबणीत जुना टूथब्रश जातो. एक चाक पूर्ण करून पुसून काढा, मगच दुसऱ्याकडे वळा, कारण बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं.

शाम्पूने न निघणाऱ्या कणांसाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. फवारला की दोन-तीन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ उतरू लागतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी जोडलं जातं, त्याचा तो रंग. वास उग्र असतो, केस कुरळे करण्याच्या लोशनमध्येही हेच रसायन असतं. हातमोजे घाला, चाक वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. वर्षातून तीन-चार वेळा पुरे. वर मेणाचा एक हात दिलात तर पुढचा भुगा नुसत्या पाण्यानेही बराच निघतो.

कोरडा भुगा हवेच्या पाइपने मात्र उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते नसलं तरी ही पूड फुप्फुसात जाण्याजोगी बारीक असते. युरोपने ‘युरो ७’ नियमांत ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे : बहुतेक पेट्रोल-डिझेल कारसाठी किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या कारसाठी ३. विजेची गाडी बराचसा वेग मोटरमधूनच कमी करते, त्यामुळे तिचे पॅड कमी घासले जातात. पेट्रोल गाडीतही लांबून सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडला तर फरक पडतो. मिहानजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर लागलेली गाडी तासन् तास ब्रेकला पाय न लावता जाते. वर्धा रोडच्या सिग्नलांमधून रोज ऑफिसला जाणारी त्याहून कितीतरी कमी अंतरात काळी होते.

धुऊन झालं की गाडी थोडी फिरवून ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा, डिस्क कोरडी होते. दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो.

आठवड्याने पुन्हा पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी ताडून बघा. एकच चाक फार काळं असेल आणि गाडी चालवून आल्यावर तेच जास्त तापत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड आवळणारा भाग, अडकून पॅड सतत घासत असण्याची शक्यता आहे. मेकॅनिककडे त्याच दिवशी जा. कॅलिपर का अडकतो, ते पुढच्या आठवड्यात.