पानामागचा पिठ्या आणि त्याचा बहुरूपी वैरी

सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी वसलेल्या वणीत आणि एकूणच दिंडोरी तालुक्यात 'बाग' म्हटले की बहुधा द्राक्षबागच समजली जाते, आणि या बागेतील वेलीला एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर व ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर, अशी वर्षातून दोनदा कोवळी फूट येत असल्यामुळे पानांवरील बारीक जिवांची वर्दळही याच काळात वाढते. हे जीव बहुतेक एक ते पाच मिलिमीटर लांबीचे असल्याने केवळ रंगावरून केलेली ओळख वारंवार फसते. जीव पानावर कोठे बसतो, कसा हलतो आणि मागे कोणती खूण ठेवतो, हे पाहणे अधिक भरवशाचे ठरते.

रूढ नावेही दिशाभूल करतात. पांढरी माशी ही खरी माशी नव्हे, कारण माशीला पंखांची एकच जोडी असते आणि हिला दोन असतात; लाल कोळी तर कीटकच नव्हे, कारण कीटकाला सहा पाय असतात आणि पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ.

हालचालीने स्वतःची ओळख देणारा कीटक म्हणजे तुडतुडा: पान उलटताच त्याची हिरवट पिल्ले सरळ न धावता तिरकी सरकतात. फुलकिडे, ज्यांना बागायतदार थ्रिप्सच म्हणतात, पाहायचे असतील तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटकावा, म्हणजे पिवळसर रेघांसारखे सूक्ष्म जीव चालताना दिसतात. ते पानाचा पृष्ठभाग खरवडून रस शोषत असल्याने तेथे प्रथम चंदेरी व नंतर तपकिरी डाग पडतात, आणि मण्यांवर हेच खरवडे राहिले की माल निर्यातीच्या प्रतीतून उतरतो. उडद्या हा काशासारख्या रंगाचा भुंगेरा छाटणीनंतर फुगणारे डोळे, म्हणजे फुटू पाहणारे अंकुर, कुरतडतो आणि चाहूल लागताच मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतो.

खरी कसोटी लागते ती पिठ्या ढेकणाच्या बाबतीत. मिलीबग या नावानेही ओळखली जाणारी ही सुमारे तीन मिलिमीटर लांबीची कीड अंगावरील पांढऱ्या मेणामुळे पिठात घोळल्यासारखी दिसते, आणि तिची द्राक्षावर आढळणारी एक प्रमुख जात परसातील जास्वंदीवरही पोसली जात असल्याने घरची फुलझाडे व बाग यांच्यात तिला कुंपण उरत नाही. तिच्या शरीरातून बाहेर पडणारा गोड द्रव, ज्याला चिकटा म्हणतात, पानांवर व घडांवर साठतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि तो चाटण्यासाठी मुंग्यांची रांग लागते. खोडावरून वर जाणारी अशी रांग हा प्रत्यक्ष कीड दिसण्यापूर्वीचाच पुरावा होय.

याच वस्तीत पिठ्यासारखाच, किंबहुना अधिक झुपकेदार, पांढरा जीव आढळला तर तो बहुधा क्रिप्टोलेमस या भुंगेऱ्याची अळी असते, आणि ती पिठ्या ढेकूण खाऊनच जगते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातील. 1898 मध्ये तो दक्षिण भारतातील कॉफीच्या मळ्यांत खवले किडीच्या बंदोबस्तासाठी आणला गेला. प्रौढावस्थेत त्याचे डोके नारिंगी व पंखकवच काळपट असल्याने घोटाळा होत नाही, परंतु त्याच्या अळीने शत्रूचाच वेष घेतलेला असतो, आणि भल्या हेतूने बाग न्याहाळणारा माणूसही तिला 'मोठा पिठ्या' समजून चिरडतो. फरक मात्र साध्या भिंगानेही कळतो: पिठ्याची मादी एका जागी चिकटून राहते, तर अळी भराभर चालते; वाढलेली अळी पिठ्याच्या तीन-चार पट लांब असते आणि तिच्या अंगावरील मेणाचे धागे लांब व विस्कळीत असतात. मऊ कुंचल्याने हे मेण झाडले की स्पष्ट वळ्यांचे शरीर व चालते पाय दिसू लागतात.

हा फरक न पाहता कीटकनाशक फवारले तर नुकसान दोघांचे सारखे होत नाही, कारण पिठ्याची अंडी कापसासारख्या पिशवीत आणि कित्येक माद्या खोडाच्या सुटलेल्या सालीखाली दडलेल्या असतात, तर त्यांच्या शोधात उघड्यावर फिरणारी अळी फवाऱ्याच्या थेट माऱ्यात सापडते.