वर्गात कोण बसले आहे?

‘‘मॅडम, तुम्ही मुस्लिम असूनही इतकं छान मराठी कसं बोलता?’’

या मासिकाच्या बहुतेक वाचकांनी हा प्रश्न कधी ना कधी ऐकला असेल. मी तर प्रत्येक प्रशिक्षण शिबिरात ऐकते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते, खरे तर त्याला कौतुकच करायचे असते. पण ज्या भाषेत आजीने आपल्याला गोष्टी सांगितल्या, त्याच भाषेत आपण क्षणात पाहुणे होतो. मी हसून उत्तर देते आणि घरी येईपर्यंत मनात तेच घोळत राहते. ही व्यक्ती पंधरा-सतरा वर्षे शिकली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, हे तिला एखाद्या ओळीपुरते तरी कोणी सांगितले असेल का?

अभ्यासक्रमात सर्वांना जागा हवी, हे आपण सगळेच म्हणतो. पण ती जागा करायची कोणी आणि कशी? या प्रश्नावर काम केलेल्या एका विद्यापीठाबद्दल मी बरेच दिवस वाचते आहे. ते आपल्या ओळखीचे वाटावे असे एक कारण आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये ज्या जेझुइट धर्मगुरूंनी सुरू केले, त्याच पंथाचे हे विद्यापीठ आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधील जॉर्जटाऊन विद्यापीठाची स्थापना १७८९ सालची. त्या देशातील ते सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ आहे.

तिथे ‘डॉयल फॅकल्टी फेलो’ नावाची योजना आहे. विल्यम डॉयल या माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून ती उभी राहिली. प्राध्यापकाने विविधतेवर नवा विषय काढावा, अशी तिची अपेक्षा नाही. आपण शिकवतोच आहोत तो विषय घ्यायचा आणि त्याच्याकडे पुन्हा एकदा बघायचे. वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक फेलो म्हणून निवडले जातात. ते एकत्र बसतात, एकमेकांच्या अडचणी ऐकतात आणि आपापला अभ्यासक्रम नव्याने मांडतात. वाचायला कोणाची पुस्तके देतो? उदाहरणे कोणाच्या घरातली असतात? वर्गात नेहमी कोण बोलते आणि कोण गप्प राहते? वंशावरून किंवा धर्मावरून वाद पेटला, तर तो दाबायचा की त्यातून शिकवायचे? अध्यापनशास्त्रातील जाणकार त्यांच्या मदतीला असतात.

शिक्षिका म्हणून मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शिक्षकाला विचार करायला वेळ मिळतो आणि सोबत मिळते. आपल्याकडे बहुधा परिपत्रक येते, एक दिवसाचे शिबिर होते, सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी जुनाच धडा जुन्याच पद्धतीने सुरू होतो.

याच विद्यापीठात २००५ पासून ‘एंगलहार्ड’ नावाचा दुसरा उपक्रम चालतो. त्यात अभ्यास आणि जगणे यांची सांगड घातली जाते. नैराश्य, व्यसन, ताण, झोप असा विद्यार्थ्यांच्या आयुष्यातला एखादा प्रश्न प्राध्यापक आपल्या विषयाशी जोडतात. आरोग्य क्षेत्रातील व्यक्ती वर्गात येऊन बोलते आणि मग मुले स्वतःच्या अनुभवावर लिहितात. गणिताच्या एका वर्गात शरीरात गेलेली दारू तासागणिक कशी कमी होत जाते, याचे समीकरण मांडले गेले. समीकरण तेच राहिले, मुलांचा त्याच्याशी असलेला संबंध बदलला. जेझुइट परंपरेत यासाठी एक जुना लॅटिन शब्द आहे, ‘क्युरा पर्सोनालिस’, म्हणजे माणसाची संपूर्ण काळजी. आपण घरात ‘तालीम और तरबियत’ म्हणतो, तेव्हा आपल्यालाही नुसते गुणपत्रक अभिप्रेत नसते.

पण एवढे वाचून जॉर्जटाऊनला आदर्श ठरवू नका. त्याचा इतिहास काळा आहे. मेरीलँडमधील जेझुइटांकडे गुलाम होते. १८३८ मध्ये त्यांनी २७२ माणसे, बायका आणि मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या पैशातला काही भाग या कॉलेजचे कर्ज फेडायला वापरला गेला. ज्या धर्मगुरूंनी हा व्यवहार केला त्यांची नावे दीर्घकाळ तिथल्या इमारतींवर होती. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइट पंथाने वंशजांसमोर जाहीर माफी मागितली. विक्रीच्या कागदावर पहिले नाव आयझॅक या गुलामाचे होते. आज एक इमारत ‘आयझॅक हॉकिन्स हॉल’ म्हणून ओळखली जाते. दुसरीला ॲन मेरी बेक्राफ्ट यांचे नाव आहे. कृष्णवर्णीय मुलींसाठी त्या भागात शाळा काढणारी ही शिक्षिका होती.

नाव बदलणे सोपे असते. तो इतिहास रोजच्या तासात आणणे अवघड असते आणि ते काम शिक्षकच करू शकतो. २०१६ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून जॉर्जटाऊनने पदवीसाठी एक अट घातली. विविधतेशी संबंधित दोन विषय प्रत्येकाने घ्यायचे, एक देशातील आणि एक जागतिक. अशी अट आली की ते विषय नीट शिकवू शकणारे प्राध्यापक लागतात. फेलो योजनेचा उपयोग इथे कळतो.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट याच गावात घडली. यॅरो ममूत नावाचा एक मुस्लिम माणूस पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून तिथे आणला गेला. चाळीसहून अधिक वर्षांच्या गुलामगिरीनंतर १७९६ मध्ये तो मुक्त झाला. त्याने जॉर्जटाऊनमध्ये स्वतःचे घर घेतले आणि आपला दीन शेवटपर्यंत जपला. १८१९ मध्ये चार्ल्स विल्सन पील या नामांकित चित्रकाराने त्याचे चित्र काढले, म्हणून त्याचा चेहरा आज आपल्याला दिसतो. १९९९ पासून या कॅथलिक विद्यापीठात पूर्णवेळ इमाम आहेत. २०२३ मध्ये आवारातील मशिदीला नाव देण्यात आले ते ‘यॅरो ममूत मशीद’. तिथे वजूची सोय आहे आणि हलाल स्वयंपाकघरही आहे. नमाजला जाणाऱ्या मुलाला रोज त्या नावातून कळते की आपण इथे काल-परवा आलेलो नाही.

अर्थात हे सगळे कायमचे ठरले आहे असे नाही. २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधील एका वरिष्ठ सरकारी वकिलाने जॉर्जटाऊनच्या कायदा महाविद्यालयाला पत्र पाठवले. विविधतेचे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना आपल्या कार्यालयात नोकरी मिळणार नाही, अशी तंबी त्यात होती. काय शिकवायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आम्हाला राज्यघटनेने दिले आहे, असे उत्तर तिथल्या अधिष्ठात्यांनी दिले. जी जागा मिळते, ती टिकवावीही लागते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. त्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेत मी निबंधाला विषय दिला होता, ‘माझी सुट्टी’. एका मुलाने लिहिले होते उसाच्या फडाबद्दल. पहाटेची थंडी, कोपीत झोपलेली धाकटी बहीण, आईने डोक्यावर वाहिलेल्या मोळ्या आणि कारखान्याबाहेर रात्रभर उभ्या असलेल्या गाड्या. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात आणि तोही त्यांच्याबरोबर जाई. मी लाल शाईने ‘विषयांतर’ असे लिहिले आणि पाचपैकी दोन गुण दिले. पेपर वाटल्यावर तो हळूच जवळ आला.

‘‘बाई, मी पाच महिने शाळेत नव्हतो. मग ती सुट्टीच ना?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या मराठीचे ‘कौतुक’ केले होते आणि मी घरी येऊन यांच्यापाशी तासभर तक्रार केली होती. मला पाहुणी केले म्हणून मी दुखावले होते, आणि माझ्याच वर्गात मी त्या मुलाला पाहुणा करून ठेवले होते. सुट्टी म्हणजे मामाचे गाव, आंबे आणि खेळ, हे माझ्या घरातले चित्र होते. प्रश्न काढताना वर्गात कोण बसले आहे, ते मी पाहिलेच नव्हते.

मी गुण बदलले. पुढच्या वर्षी निबंधाचा विषय दिला, ‘मी पाहिलेले काम’. कोणी भट्टीवरचे लिहिले, कोणी बेकरीतले, कोणी आईच्या शिलाई मशीनचे. गणितात उसाच्या मोळ्यांची आणि मजुरीची उदाहरणे घातली. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी दोन मुले त्या तासाला फळ्याशी आली. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही आणि एक पैसाही खर्च झाला नाही.

म्हणून पालकांना एक सांगावेसे वाटते. मुलांसाठी शाळा किंवा कॉलेज निवडताना आपण निकाल विचारतो, फी विचारतो, वसतिगृहात जेवण कसे आहे ते विचारतो. त्याबरोबर शिक्षकांनाही एक विचारा. माझे मूल ज्या घरातून येते, ते घर तुमच्या शिकवण्यात कुठे दिसते? आणि घरी आल्यावर मुलालाही विचारा, ‘‘तुझ्या बाकावर शेजारी कोण बसतं? त्याच्या घरी काय काम करतात?’’ पहिला प्रश्न आपल्या हक्काचा आहे, दुसरा आपल्या जबाबदारीचा. मी बरीच वर्षे फक्त पहिलाच विचारत होते.