धुराड्याचा नळ घरातून सुरक्षितपणे कसा न्यावा?

सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांतून गॅसची शेगडी पोहोचली असली, तरी भाकरीसाठी व आंघोळीच्या पाण्यासाठी लाकूड, शेणी व तुरकाट्या जाळणारी चूल अद्याप पुष्कळ घरांत आहे. तिच्या धुराचा त्रास चुलीपुढे बसणाऱ्या मायभगिनींना व जवळ खेळणाऱ्या मुलांना सर्वाधिक होतो. डोळ्यांची जळजळ लगेच जाणवते. फुप्फुसांची हानी मात्र नकळत होत राहते.

यावरील उपाय नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल जुन्या पिढीस परिचित आहे. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातून धुराड्याच्या चुली गावोगाव बसल्या. तो कार्यक्रम २००२ साली संपला. परंतु छप्पर गळू लागले किंवा वासा करपला, की घरधनी धुराडेच उपटून टाकतो आणि धूर पुन्हा घरात येतो. म्हणून चूल बांधण्याइतकीच काळजी नळ बसविताना घेतली पाहिजे.

नळाची निवड : चुलीच्या धुराच्या तोंडाएवढ्याच व्यासाचा पत्र्याचा नळ घ्यावा, मध्येच तो अरुंद करू नये. पाण्याचा प्लॅस्टिकचा नळ कदापि वापरू नये. तो वितळतो व विषारी धूर सोडतो. जुना ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ करवतीने कापू नये. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

एक हाताचा नियम : उघडा पत्र्याचा नळ आणि कोणतेही लाकूड यांत सर्व बाजूंनी एक हात, म्हणजे सुमारे ४५ सें.मी. अंतर असावे. रोज तापणारे लाकूड कोरडे होत जाते व पुढे कमी उष्णतेनेही पेट घेते. काही वर्षे काही झाले नाही, म्हणून निर्धास्त राहू नये.

कौलारू घर : नळाभोवतीच्या रिपा काढाव्यात. वासा आड येत असल्यास तो सुताराकडून कापून त्याची टोके आडव्या लाकडास पक्की जोडावीत. मोकळ्या जागेवर पत्रा बसवावा. त्याची वरची कड वरच्या कौलांखाली व खालची कड खालच्या कौलांवर असावी. नळास पत्र्याची गळपट्टी लावल्यास पाटण-जावळीच्या पावसातही पाणी आत येत नाही.

माळवद व गवती छप्पर : माण, खटाव, जत, आटपाडीकडील माळवदात मातीखाली किलचा व तुळया असतात; वरून ते दिसत नाही. अशा घरात, तसेच गवती छपरात, नळ वर न नेता दगडी किंवा मातीच्या भिंतीतून बाहेर काढावा. कुडाच्या भिंतीतून काढू नये. बाहेरही वळचणीपासून एक हात अंतर राखावे. बाहेरचा नळ थंड राहतो, त्यामुळे त्यात काजळी अधिक साचते, हे ध्यानात ठेवावे.

उंची व जोड : नळ छपराच्या वर किमान ९० सें.मी. यावा आणि ३ मीटरच्या आतील आढे किंवा भिंत यांहून ६० सें.मी. उंच असावा. वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्यात जावे, म्हणजे डांबरासारखा रस बाहेर ओघळत नाही. वळणे दोनहून अधिक नसावीत व आडवा नळ शक्यतो टाळावा. वारा व पाऊस यांसाठी टोपी बसवावी. नळास तारांचे ताण द्यावेत. पाचटाची किंवा कडब्याची गंजी नळाजवळ रचू नये.

काजळी : ओल्या लाकडाने नळात काजळी व डांबर साचते, तेच पुढे पेटते. महिन्यातून एकदा नळ साफ करावा आणि मृगापूर्वी जोड, टोपी व गळपट्टी तपासावी. नळात घरघर होऊन तो लाल झाल्यास चुलीचे तोंड पत्र्याने बंद करावे, माणसांना बाहेर काढावे व बाहेरूनच छपरावर पाणी मारावे. नळात पाणी ओतू नये.

नळ तुंबल्यास घरात कोंडणाऱ्या विषारी वायूस वास नसतो. म्हणून धुराडे असले, तरी खिडकी उघडी असावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या चुलीजवळ हातभर अंतर स्वतः मोजून पाहावे आणि घरातील गृहिणीस नळ साफ करण्याची रीत प्रत्यक्ष दाखवावी.