मोडीतला ड्राइव्ह आणि बाळबोध ड्राइव्ह

तिरुविडैमरुदूर हे गाव कुंभकोणमपासून आठेक किलोमीटरवर, मायिलाडुदुरैच्या रस्त्याला आहे. महालिंगस्वामींचं देऊळ ही त्याची मोठी ओळख, पण मराठी इतिहासातही त्याचा एक कोपरा आहे. 1798 मध्ये इंग्रजांनी तंजावरच्या गादीवरून अमरसिंहांना उतरवून दुसऱ्या सरफोजींना बसवलं, तेव्हा पदच्युत राजा इथे येऊन राहिला आणि 1802 मध्ये वारला. तंजावरच्या या राज्याचा रोजचा मराठी कारभार मोडीत चाले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या मोडी दफ्तराचे गठ्ठे आजही आहेत. त्याच राज्याने 1803 मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा लांबलचक इतिहास कोरवून घेतला, तो मात्र बाळबोध लिपीत. भाषा एकच, लिप्या दोन. कारकुनाने झरझर लिहायचं आणि दुसऱ्या कारकुनाने वाचायचं, तिथे मोडी सोयीची. भिंतीवरचा मजकूर कोणीही येऊन वाचणार, तिथे बाळबोध. यातली ‘चांगली’ लिपी कोणती, हा प्रश्नच निरर्थक आहे. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना जी छोटी खिडकी उघडते आणि फॅट-32, एनटीएफएस, एक्सफॅट अशी नावं समोर ठेवते, तिथेही आपण नेमका हाच निरर्थक प्रश्न विचारतो. फाइल सिस्टिम म्हणजे ड्राइव्हवरच्या नोंदी लिहिण्याची पद्धत. ती निवडताना आधी एवढंच ठरवायचं असतं, की हे पुढे कोण वाचणार.

हा मुद्दा सर्वांत स्पष्ट दिसतो तो एका नेहमीच्या गैरसमजात. लिनक्सवर ईएक्सटी-4 पद्धतीने तयार केलेला ड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावला, की विंडोज बजावते: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. वाचणाऱ्याला वाटतं, ड्राइव्ह गेला. तो बिचारा मुकाट्याने ‘फॉरमॅट’ दाबतो आणि चांगला ड्राइव्ह खरोखरच जातो. प्रत्यक्षात आधी काहीही बिघडलेलं नसतं. विंडोजला ती लिपी येत नसते, इतकंच. मोडी न येणाऱ्या माणसाला वाड्याच्या माळ्यावरचं दफ्तर रद्दी वाटावं, तसा हा प्रकार. तामिळनाडूत हा प्रसंग काल्पनिकही नाही. सरकारने 2011 पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपांत विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्सही दिलेलं होतं, म्हणजे एकाच यंत्रात दोन लिप्या वाचणारे दोन कारकून. अशा वेळी ‘फॉरमॅट करा’ हा सल्ला संगणकाचं निदान म्हणून न घेता ‘मला हे वाचता येत नाही’ अशी कबुली म्हणून घ्यावा, आणि ड्राइव्ह आधी दुसऱ्या प्रणालीवर लावून पाहावा.

दुसरा समज असा की एनटीएफएस सर्वांत भक्कम, म्हणून सगळीकडे तेच. भक्कमपणाबद्दल वाद नाही. 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेली ही पद्धत प्रत्येक फेरबदलाची आधी एका रोजमेळात नोंद करते, मग बदल करते. मध्येच वीज गेली तर रोजमेळ पाहून घडी पुन्हा बसवता येते. (त्या रोजमेळात नोंदींची रचना असते, फाइलीतला मजकूर नव्हे, अर्धवट लिहिलेलं पत्र त्यातून पूर्ण होत नाही.) कोणाला कुठली फाइल उघडता यावी, हेही ती लक्षात ठेवते. घरच्या विंडोज संगणकातल्या डिस्कला हे सगळं हवंच. पण तोच ड्राइव्ह मॅकला लावला तर फाइली दिसतात, उघडतात, मात्र त्यावर काही लिहिता येत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. गाडीतली म्युझिक सिस्टिम तर अनेकदा त्याची दखलही घेत नाही. उलट, 1977 पर्यंत मुळं जाणारं फॅट कालबाह्य म्हणावं, तर नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्येही संगणक सुरू करणारा छोटा भाग साधारणपणे फॅट-32 मध्येच असतो. तिथे विंडोज किंवा लिनक्स जागं होण्याआधी मदरबोर्डवरच्या फर्मवेअरला वाचायचं असतं, आणि त्याला ही साधी लिपी हमखास येते. जुनी म्हणून ती टाकून दिलेली नाही. वाचणारा ठरला आणि लिपी ठरली.

फॅट-32 च्या मर्यादांबाबत मात्र दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक मर्यादा खरी आहे. या पद्धतीत फाइलीची लांबी नोंदवायला 32 बिटांची जागा आहे, त्यात 4,29,49,67,295 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून एक फाइल जेमतेम 4 जीबीची होऊ शकते. तैपूसम या तामिळ सणातल्या रथोत्सवाचं चित्रीकरण सेकंदाला 25 मेगाबिट या दराने केलं, तर साधारण 23 मिनिटांत ही हद्द येते. कॅमेऱ्यात 32 जीबीपर्यंतचं कार्ड असेल तर रथ चालू असतानाच फाइल तुटून दुसरी सुरू होते, ती याचमुळे; कार्ड खराब नसतं. ‘जागा रिकामी असूनही फाइल का जात नाही’ या तक्रारीचं उत्तरही हेच. दुसरी मर्यादा, म्हणजे 32 जीबीपेक्षा मोठा ड्राइव्ह फॅट-32 मध्ये फॉरमॅट होत नाही ही, पद्धतीची नाहीच. ती विंडोजच्या त्या खिडकीने घातलेली आहे. ती खिडकी लिहिणारे मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे अभियंते डेव्ह प्लमर यांनीच पुढे सांगितलं, की तो आकडा आपण त्या वेळी आपल्या अंदाजाने ठरवला होता. नेहमीच्या मापाच्या सेक्टरवर फॅट-32 स्वतः 2 टीबीपर्यंत जातं. एका माणसाचा त्या दिवसाचा अंदाज पंचवीसेक वर्षं निसर्गनियमासारखा पाळला गेला, ही गंमतच.

मग सरसकट एक्सफॅट का घेऊ नये, असं कोणी विचारेल, आणि हा आक्षेप वजनदार आहे. 2006 मध्ये आलेल्या या पद्धतीत 4 जीबीची अडचण नाही, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता-वाचता येतं, 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केल्यावर लिनक्समध्येही ती सहज आली, आणि 32 जीबीपेक्षा मोठ्या मेमरी कार्डांची ती ठरलेली पद्धत आहे. हातोहात फिरणाऱ्या ड्राइव्हसाठी आज बहुधा तीच योग्य. पण तिच्यात रोजमेळ नाही. फाइल जात असताना ड्राइव्ह खेचून काढला, तर घडी विस्कटण्याचा धोका एनटीएफएसपेक्षा जास्त. शिवाय जागा मोजून देण्याचं तिचं मापटं मोठं आहे: 32 जीबीवरच्या ड्राइव्हला विंडोज आपणहून 128 केबीचं मापटं देते. 2 केबीची चिठ्ठी ठेवली तरी पूर्ण 128 केबी अडतात. अशा 10,000 चिठ्ठ्यांना प्रत्यक्ष 20 एमबी मजकुरासाठी सव्वा जीबीच्या आसपास जागा लागते. एनटीएफएसच्या 4 केबीच्या मापट्यात तेच काम सुमारे 40 एमबीत भागतं. आणि लिनक्सवरून इकडे नकलताना फाइलींचे परवाने, म्हणजे कोणाला कुठली फाइल उघडता यावी याच्या नोंदी, गळून पडतात, कारण ते लिहायला या पद्धतीत रकानाच नाही. बाळबोधातला मजकूर मोडीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ गळतो, तसंच हे. अर्थ बहुतेक वेळा लागतो, पण मूळ प्रत ती नव्हे.

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ‘फाइलीचं नाव 255 अक्षरांचं असू शकतं’ हे वाक्य सगळीकडे सापडतं; ते इंग्रजीपुरतं ठीक आहे. ‘तिरुविडैमरुदूर’ हा शब्द घ्या. आपण वाचतो तेव्हा ती आठ अक्षरं: ति, रु, वि, डै, म, रु, दू, र. संगणकाच्या लेखी व्यंजन वेगळं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी, म्हणून ती 14 चिन्हं होतात. एनटीएफएस आणि एक्सफॅट अशी 255 चिन्हं घेतात. ईएक्सटी-4 मात्र चिन्हं मोजत नाही, 255 बाइट मोजते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तिथे 3 बाइट खातं. म्हणजे या एका गावाच्या नावाला 42 बाइट, आणि पूर्ण नावाला फार तर 85 चिन्हं, साधारण पन्नासेक अक्षरं. जोडाक्षरं असतील तर त्याहून कमी, कारण ‘स्त्री’ हे एकच अक्षर 18 बाइटांचं आहे. विंडोजवर सुखाने नांदणारी, गाव-तालुका-तारीख-विषय असं सगळं नावात भरलेली फाइल लिनक्सवर नकलताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडते, तेव्हा दोष ना फाइलीचा ना देवनागरीचा. तपशील नावात कोंबण्यापेक्षा फोल्डरांत वाटून टाकला की काम होतं.

बाकीचे समज थोडक्यात उरकण्यासारखे आहेत. 64 जीबीचा ड्राइव्ह 59.6 दाखवतो तो फॉरमॅटने जागा खाल्ली म्हणून नव्हे. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या. फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींना त्यातली किरकोळ जागा लागते. क्विक फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, हाही समज चुकीचा: ते फक्त अनुक्रमणिका कोरी करतं, पानं तशीच राहतात. जुना ड्राइव्ह दुसऱ्याला देताना ही गोष्ट धोक्याची, आणि चुकून फॉरमॅट झाला असेल तर आशेची, मात्र त्यावर पुढे काही लिहायचं नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं लिहितं.

समजा, मोडी कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती जपायच्या आहेत. मूळ संच जिथे काम चालतं त्या संगणकाच्या पद्धतीत, एनटीएफएस किंवा ईएक्सटी-4 वर, ठेवावा आणि वाटायची प्रत एक्सफॅटवर करावी. मोडी 2014 पासून युनिकोडमध्ये आहे, तेव्हा फाइलीचं नावही मोडीत देता येतं. पण तिथलं प्रत्येक चिन्ह 4 बाइटांचं, म्हणून तिरुविडैमरुदूरला 42 ऐवजी 56 बाइट लागतात. ईएक्सटी-4 वर अशी 63 चिन्हं बसतात, एनटीएफएसवर 127. आणि दुसऱ्याच्या संगणकावर त्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसले, तर ड्राइव्हला दोष देऊन फॉरमॅट करू नये. त्याने नाव बिनचूक सांभाळलेलं असतं, त्या संगणकात मोडीचा फाँट नसतो. नोटो सान्स मोडी मोफत मिळतो.